पालकमंत्री साहेब, फ्लेक्सवरचा खेळ आमच्या पोरीचा नाही

मा. पालकमंत्री महोदय,
सा. न. वि. वि.

विषय : लॉन बोल्स हा खेळ अस्तित्वात असल्याबाबत.
संदर्भ : १) आपलं गेल्या २६ जानेवारीचं भाषण, २) संबंधित कार्यालयाचं पत्र, ३) एसटी स्टँडसमोरच्या चौकातला दहा बाय वीसचा फ्लेक्स.

मी तहसील कचेरीसमोर झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान चालवतो. एकवीस वर्षं लोकांचे अर्ज टाइप करतोय, त्यामुळे विषय आणि संदर्भ टाकल्याशिवाय हात पुढं सरकत नाही. गैरसमज नसावा.

गेल्या आठवड्यात सकाळी दुकान उघडायला निघालो तर चौकात नवा फ्लेक्स. वर आपला हसरा फोटो, ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाएवढा. बाजूला चिरंजीव. खाली ओळीनं अकरा शुभेच्छुक, सगळ्यांच्या गळ्यात उपरणं. आणि उजव्या कोपऱ्यात पासपोर्ट साइजमध्ये आमची धाकटी. ‘तालुक्याची सुवर्णकन्या, हार्दिक अभिनंदन’. मधोमध एक चकचकीत काळा गोळा आणि त्याच्यापुढं उभे दहा पांढरे दांडके.

साहेब, ते दांडके मॉलमधल्या टेनपिन बोलिंगचे, तो वेगळाच खेळ. आमची पोर खेळते त्यात काही पाडायचं नसतं. आणि सुवर्ण तिला मिळालेलं नाही. गेल्या जूनमध्ये ऑस्ट्रेलियात गोल्ड कोस्टला ती अठरा वर्षांखालच्या एकेरीत खेळली, गटात तीन सामने जिंकली, दोन हरली आणि बाद फेरीच्या पहिल्याच सामन्यात बाहेर पडली. हे मी अभिमानानं सांगतो. पण फ्लेक्स वाचून दिवसभर लोक पेढे मागत होते, त्यांना काय सांगू?

त्याच दुपारी पोस्टमननं पाकीट दिलं. आत आपल्या प्रशासनाचं पत्र. ‘सदर क्रीडा प्रकार बोलिंग हा क्रिकेट या खेळाचा भाग असल्याने स्वतंत्र प्रवास अनुदान अनुज्ञेय नाही. प्रकरण नस्तीबद्ध करण्यात येत आहे.’ एकाच दिवशी चौकात सुवर्णकन्या आणि टपालात नस्तीबद्ध, म्हणजे फाइल बंद. ही जुळवाजुळव ठरवून करायची म्हटली तरी जमायची नाही.

आठवण करून देतो. गेल्या प्रजासत्ताक दिनी संचलन झाल्यावर आपण दोन पोरींना स्टेजवर बोलावलंत. एक आमची, दुसरी एसटीतल्या कंडक्टरसाहेबांची. आपण माइकवर म्हणालात, ‘पोरींनो, तुम्ही फक्त खेळा. विमानाचं मी बघतो.’ जिल्हा नियोजनच्या निधीतून दोघींचं जाण्या-येण्याचं भाडं देऊ, आणि तालुक्यात या खेळाची एक हिरवळही करू, असंही म्हणालात. टाळ्या पडल्या. मी सगळ्यात जास्त वाजवल्या. येत्या २६ तारखेला त्याला वर्ष होईल. पुन्हा स्टेज लागेल, पुन्हा कुणाच्या तरी पोरी वर चढतील, म्हणून त्याच्या आत हे लिहितोय.

खेळ माहीत नसणं हा गुन्हा नाही. मलाही माहीत नव्हता. शाळेतले पी.टी.चे सर कुठल्याशा शिबिरातून शिकून आले तेव्हा कळलं. एक छोटा पांढरा किंवा पिवळा गोळा असतो, त्याला जॅक म्हणतात. तो निदान तेवीस मीटर लांब सरकवून ठेवायचा. मग आपले चार बाऊल एकेक करून त्याच्या जवळात जवळ नेऊन थांबवायचे. बाऊल जवळजवळ दीड किलोचा. गंमत अशी की तो मुद्दाम एका बाजूला कललेला घडवतात, सरळ जातच नाही. एका अंगाला छोटं वर्तुळ असतं, दुसऱ्या अंगाला मोठं. छोट्या वर्तुळाच्या बाजूला तो वळतो. म्हणजे जिथं पोहोचायचं तिथं बघायचंच नाही, लांब भलतीकडं बघून सोडायचा आणि तो वळून येईल यावर भरवसा ठेवायचा. घाईत वर्तुळ उलटं धरलं की बाऊल शेजारच्यांच्या खेळात घुसतो. आमची फाइल अशीच उलटी सोडली गेली. क्रीडा विभागाकडं निघाली होती, गेली समाजकल्याणला, तिथून शिक्षणाला.

या खेळात भारताला काही मिळालंय का, असं आपल्या स्वीय सहायकांनी मला विचारलं होतं. मिळालंय. २ ऑगस्ट २०२२, बर्मिंगहॅमचे राष्ट्रकुल खेळ. लव्हली चौबे, पिंकी, नयनमोनी सैकिया, रूपा राणी तिर्की. फायनलमध्ये दक्षिण आफ्रिकेला १७-१० हरवलं. त्याआधी सेमीफायनलला न्यूझीलंडला. लव्हलीताई तेव्हा झारखंड पोलिसांत कॉन्स्टेबल. पुरुषांच्या चौघांनी पाठोपाठ रौप्य आणलं. त्या संध्याकाळी अख्खा देश गुगलवर या खेळाचे नियम शोधत होता. आपणही ट्वीट केलं होतंत, मी ते शोधून काढून प्रिंट मारून ठेवलंय. रंगीत. त्यात मात्र दांडके नव्हते.

आता आमचा सराव कुठं चालायचा ते ऐका. जवळच्या एका साखर कारखान्याच्या गेस्ट हाऊसपुढं छान हिरवळ होती. सरांनी हातापाया पडून सकाळी सहा ते साडेसातची परवानगी काढली. सव्वा वर्ष पोरी तिथं खेळल्या. माळीमामा त्यांच्यासाठी गवत बारीक कापून ठेवायचे. मग त्या हिरवळीवर एका मोठ्या घरचं लग्न झालं. मांडवाचे खांब, डीजेचा स्टेज, आइस्क्रीमच्या गाड्या. आठवड्यानं गेलो तर छत्तीस खड्डे. मी मोजले. आपणही होतात त्या लग्नाला, अक्षता टाकताना.

त्यानंतर बॉक्स क्रिकेटचं टर्फ. तासाला आठशे रुपये, पहाटे गिऱ्हाईक नसतं म्हणून आम्हाला पाचशे. त्या प्लॅस्टिकच्या गवतात बाऊल रुततो. पोरींना तो ढकलावा लागायचा, जवळजवळ फेकावा लागायचा. वर्षातून एकदा पुणे-हटिया एक्स्प्रेसनं रांची गाठायची. तिथं नामकुमला लॉन बोल्सचं खरं स्टेडियम आहे, २०११ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेच्या निमित्तानं झालेलं. एक रात्र आणि पुढचा जवळजवळ सगळा दिवस गाडीत, स्लीपर क्लास, सहा किलोचे बाऊल पायाशी. आपल्या महाराष्ट्रात खेळायला झारखंडला जावं लागतं हे वाक्य मी मुद्दाम असंच वाकडं लिहिलंय, पुन्हा वाचा.

गोल्ड कोस्टच्या वेळेला आम्ही दोघेही बाप हिकडंच. चार तिकिटं परवडणार कुणाला? दोघी सरांबरोबर गेल्या. सरांचा खर्च सरांनीच केला, त्यांनी तर अर्जही केला नाही, शहाणा माणूस. तिकडं सकाळचे नऊ म्हणजे आपल्याकडं पहाटेचे साडेचार. घरी रेंज नाही, म्हणून चार वाजता दुकानाचं शटर अर्धं वर करून मी आणि कंडक्टरसाहेब कॉम्प्युटरपुढं बसायचो. बाहेर मृगाचा पाऊस. त्यांची सहाची ड्यूटी, खाकी घालूनच यायचे. पहिल्या दिवशी रात्रगस्तीच्या हवालदारांनी टॉर्च मारून विचारलं, आत काय चाललंय? म्हटलं, पोरींची मॅच आहे. ते पण टेकले बाकावर.

मॅच दिसत नव्हती. कॅमेरे मोठ्या खेळाडूंच्या हिरवळीवर. आम्हाला नुसता आकडा दिसायचा, तोही पान पुन्हा पुन्हा उघडलं तर. ०-३. ०-५. १-९. कंडक्टरसाहेब म्हणाले, नेटच अडकलंय बहुतेक. नेट अडकलं नव्हतं. पहिला सामना आमची २१-६ हरली.

दुपारी फोन आला. रडत नव्हती, तेच जास्त लागलं. म्हणाली, ‘बाबा, इथं हात नुसता उघडला तरी बाऊल पळतो. माझे सगळे हिरवळीमागच्या चरात गेले.’ मग सरांनी समजावलं. हिरवळीचा वेग सेकंदांत मोजतात. सोडलेला बाऊल सत्तावीस मीटरवर जाऊन थांबायला जितका जास्त वेळ घेईल तितकी हिरवळ वेगवान, कारण तिथं हळूच सोडावा लागतो. तिकडं पंधरा-सोळा सेकंद म्हणजे रोजचं. आमच्या टर्फवर कुणी मोजलंच नव्हतं, मोजण्यासारखं नव्हतंच काही. दोन वर्षं पोरी जोर लावायला शिकल्या आणि तिथं गेल्यावर कळलं की जोर काढून घ्यायला शिकायचं होतं. तरी दुसऱ्या दिवसापासून सावरली. तीन सामने काढले. तिसरा २१-२० जिंकली तेव्हा हवालदारांनी शिट्टी वाजवली, शेजारचे चहावाले घाबरून बाहेर आले.

त्या चार दिवसांचा हिशोब माझ्याकडं आहे. एका पोरीचं तिकीट, व्हिसा, राहणं, प्रवेश फी, जास्तीचं सामान मिळून दोन लाख चौसष्ट हजार. आपला शब्द होता म्हणून आम्ही मार्चपर्यंत थांबलो. एप्रिलमध्ये तिकीट महाग झालं. मग बायकोचं गंठण पतसंस्थेत ठेवलं. सोन्याचा भाव तेव्हा लाखाच्या घरात, त्यामुळे कर्ज बरं मिळालं, तेवढं श्रेय सरकारला देतो. व्याज चौदा टक्के. सणावाराला ती काळ्या दोऱ्यात मणी ओवून घालते आणि विचारलं तर म्हणते, तेच बरं वाटतं हल्ली.

खाशाबा जाधवांना हेलसिंकीला पाठवायला खर्डेकर प्राचार्यांनी स्वतःचं घर गहाण टाकलं होतं, सात हजारांना. १९५२ साली. प्रत्येक क्रीडा दिनाला ही गोष्ट आपण भाषणात सांगता, डोळे पुसता. साहेब, ती गोष्ट कौतुकाची आहे तशीच लाजेचीही आहे, आणि लाज प्राचार्यांची नाही. आमचं घर भाड्याचं आहे, नाहीतर तीही हौस झाली असती.

अर्जाचं सांगायचं तर सात वेळा त्रुटी निघाली. पासपोर्टची प्रत स्वयंसाक्षांकित नाही. मग पोर अज्ञान म्हणून पालकाचं शपथपत्र. मग बोर्डिंग पास मूळ हवा. मूळ दिला तर तो हरवला, आता दुय्यम प्रत आणा! विमान कंपनी उडून गेलेल्या विमानात बसल्याचा दाखला पुन्हा देत नाही हो. मग नोव्हेंबरात नगरपालिकेची आचारसंहिता. माझ्याच दुकानातून मी तीनशे बारा झेरॉक्स काढल्या, स्वतःला दोन रुपयांप्रमाणे सूट दिली नाही.

केंद्राचं खेळांचं २०२५-२६ चं बजेट ३,७९४ कोटी होतं, त्यात खेलो इंडियाला १,००० कोटी, असं पेपरात वाचलं. दुकानात कॅल्क्युलेटर असतोच. एकशे चाळीस कोटी माणसांत वाटले तर माणशी सत्तावीस रुपये. रंगीत झेरॉक्स दोन निघतात. तालुका क्रीडा संकुलाचं अनुदान एक कोटीवरून पाच कोटी केलंय म्हणे. आमच्या संकुलाला कमान आहे, कमानीवर आपलं नाव आहे, आत बाभळी आहेत. आकडा चुकला असेल तर कळवा, बाभळी मात्र मोजून घ्या.

आणि नोकरीतल्या पाच टक्के क्रीडा आरक्षणाचं तर बोलूच नका. बोगस प्रमाणपत्रांवर लोक साहेब झाल्याच्या बातम्या मी स्वतः कात्रणं करून ठेवल्यात. आमच्या पोरीचं प्रमाणपत्र खरं आहे, बहुतेक तीच त्रुटी असावी. ऑलिंपिकचं कांस्य आणलेल्या स्वप्निल कुसाळेच्या वडिलांनाही बक्षिसावरून पत्रकारांपुढं बोलावं लागलं, तिथं झेरॉक्सवाल्याचं कोण ऐकतो.

२०१० ला दिल्लीत राष्ट्रकुल खेळ होते म्हणून या देशानं पहिल्यांदा लॉन बोल्सचा संघ उतरवला. पाहुणे यायचे म्हणून घराला रंग द्यावा तसं. आता २०३० चे खेळ अहमदाबादला. (तेही तिकडंच गेले, त्यावर वेगळं पत्र लिहीन.) आणि २०२६ च्या जुलैतल्या ग्लासगोच्या राष्ट्रकुलला खेळांची यादी दहावर आणलीय. हॉकी काढली, क्रिकेट काढलं, कुस्ती काढली, बॅडमिंटन काढलं. बोल्स ठेवलंय. म्हणजे आपल्या कार्यालयानं आम्हाला ज्या क्रिकेटचा भाग ठरवलं, ते क्रिकेट तिथं नाही आणि आम्ही आहोत! २०३० ला आमची धाकटी बावीस वर्षांची असेल. त्या वेळी तिच्या फ्लेक्सवर कोण असेल ते बघू.

मागणी एवढीच. दोघींचं भाडं, दिलेल्या शब्दाप्रमाणे. एक हिरवळ, चाळीस मीटर बाय चाळीस मीटर पुरते, आणि तिच्यावर लग्नं लावू नयेत. फाइलवर खेळाचं नाव नीट लिहावं. मी फुकट टाइप करून देईन.

आपला,
तहसील कचेरीसमोरचा झेरॉक्सवाला

ता. क. : परवाच्या वाऱ्यात फ्लेक्स एका बाजूनं फाटून लोंबत होता, तो मी उतरवून घेतला. बाऊल सोडताना उभं राहायला एक छोटी मॅट लागते, साठ सेंटिमीटर बाय छत्तीस. पोरींची जुनी झिजली होती. फ्लेक्समधून चौदा निघाल्या. आपला चेहरा खालच्या बाजूला येईल असं बघितलंय, काळजी नसावी.