पेन्सिलीच्या तीन फुल्या

हॅरो, लंडन
रविवार, 8 मे 2022

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

गेल्या रविवारी फोनवर बाबा म्हणालात, "आता कसली निवडणूक आणि कसलं मत! नगरसेवक तरी कुठे उरलेत? माझे गुडघे आता रांगेत उभे राहायचे नाहीत." मी तेव्हा काहीच बोलले नाही. आईने लगेच कैरीच्या लोणच्याचा विषय काढला आणि फोन संपला. पण ते वाक्य आठवडाभर डोक्यातून गेलं नाही. तुमच्या तोंडून असलं ऐकायची मला सवय नाही. फोनवर मला नीट मांडता येत नाही, आणि तुम्ही कागदावरचं दोनदा वाचता हे माहीत आहे, म्हणून हे पत्र.

गुरुवारी, 5 तारखेला, इथे काउन्सिलची निवडणूक झाली. काउन्सिल म्हणजे आपली महानगरपालिकाच समजा. लंडनमध्ये अशा 32 बरो, म्हणजे स्वतःचं काउन्सिल असलेले भाग, आहेत, हॅरो त्यातली एक, आणि दर चार वर्षांनी सगळ्यांचं मतदान एकाच दिवशी होतं. बाबा, मागे तुम्ही विचारलं होतंत की भारतीय पासपोर्टवर मला इथे मत कसं. भारत कॉमनवेल्थमध्ये आहे, म्हणून इथे रीतसर राहणाऱ्या भारतीय माणसाला काउन्सिललाही मत देता येतं आणि पार्लमेंटलाही. फक्त नाव नोंदवावं लागतं. 2018 मध्ये मी ते नोंदवलंच नव्हतं. नुकतं घर बदललं होतं, नव्या पत्त्यावरून अर्ज करायचा राहिला, आणि खरं सांगायचं तर "आपलं काय आहे इथे" असंही मनात होतं. तुम्हाला हे कधी सांगितलं नाही. आज सांगते, कारण तेव्हा मी जे केलं तेच तुम्ही आता करायला निघालात असं मला वाटतंय.

शेजारच्या गुजराती आजींना, म्हणजे बांना, तुम्ही व्हिडिओवर पाहिलंय, आईला ढोकळ्याची कृती सांगणाऱ्या त्या. वय 81. 1972 मध्ये इदी अमीनने युगांडातल्या आशियाई लोकांना 90 दिवसांत देश सोडायला लावला, तेव्हा त्या कम्पालाहून इथे आल्या. घर, दुकान सगळं तिकडेच राहिलं. हॅरोत आज दर चार माणसांत एक मूळचा भारतीय आहे, आणि त्यातली कितीतरी कुटुंबं अशीच आफ्रिकेतून आलेली गुजराती. बा आता चाकांचा वॉकर घेऊन चालतात. इथे पोस्टाने मत पाठवता येतं, त्याला कसलंही कारण द्यावं लागत नाही. त्यांच्या मुलाने तो अर्ज आणूनही दिला होता. त्यांनी तो ड्रॉवरमध्ये ठेवून दिला आणि मला म्हणाल्या, "वोट तो जईने ज आपवो." मत जाऊनच द्यायचं.

मग मी गुरुवारी सकाळी ऑफिसला उशिरा येते असं कळवलं आणि आम्ही दोघी निघालो. तशी घाई नव्हती, मतदान सकाळी 7 पासून रात्री 10 पर्यंत चालतं. सुट्टी मात्र नसते, लोक कामावर जाता-येता मत देतात. मतदान केंद्र आमच्या रस्त्याच्या टोकाला, चर्चच्या हॉलमध्ये. मला चार मिनिटांचा रस्ता, बांबरोबर वीस मिनिटं लागली. वाटेत तीन ठिकाणी रस्ता ओलांडावा लागतो. दोन ठिकाणी फुटपाथची कड रस्त्याला टेकेल अशी उतरती केलेली आहे, तिथे वॉकर सहज उतरतो. तिसऱ्या ठिकाणी कड उंच. तिथे बा थांबल्या, ब्रेक दाबला, एक हात माझ्या खांद्यावर ठेवला आणि आधी उजवा पाय खाली सोडला. चार बोटांची उंची असेल. मी त्या रस्त्याने रोज जाते, मला ती कड कधी दिसलीच नव्हती. ती उतरती करायची की नाही, कधी करायची, पैसे कुठून काढायचे, हे काउन्सिल ठरवतं. पंतप्रधान नाही आणि राणीही नाही. बाबा, तुमच्या गुडघ्यांची गोष्ट मला त्याच क्षणी आठवली.

हॉलच्या दाराशी पक्षांचे लोक छातीला रंगीत फुलं लावून उभे होते. निळं हुजूर पक्षाचं, लाल मजूर पक्षाचं. ते फक्त यादीतला नंबर विचारतात, आपल्यापैकी कोण येऊन गेलं आणि कोण राहिलं हे कळावं म्हणून. सांगायलाच हवा असं नाही. ना मांडव, ना भोंगे, ना फ्लेक्स. प्रचार म्हणजे दारातल्या फटीतून टाकलेले कागद आणि संध्याकाळी घरोघर फिरणारी माणसं. उमेदवाराने किती खर्च करायचा यालाही मर्यादा आहे: ठरावीक 806 पौंड, आणि वर प्रत्येक मतदारामागे 7 पेन्स. अनामत रक्कम तर नाहीच.

आत तीन टेबलं, दोन माणसं. बाबा, तुम्ही असतात तर आधी त्यांची यादी बघितली असती. छापील यादी, आणि तिच्यावर पट्टी ठेवून पेन्सिलीने नावावर रेघ मारायची, अगदी तुम्ही निवडणुकीच्या कामावर असताना मारायचात तशी. नाव आणि पत्ता सांगितला की मतपत्रिका हातात. ओळखपत्र कोणी मागितलं नाही, बोटाला शाई लावली नाही. ओळखपत्राचा कायदा गेल्या आठवड्यातच मंजूर झालाय, त्यामुळे पुढे फोटो दाखवावा लागेल. आणि शाई नसल्यामुळे आई, तुला पाठवायला बोटाचा फोटो नाही. हॉलमधून बाहेर आल्यावर मी दोनदा डाव्या बोटाकडे पाहिलं.

मतपत्रिका चांगली लांबलचक. आमच्या प्रभागातून तीन नगरसेवक निवडायचे, म्हणून प्रत्येकाला तीन मतं. पण पुण्यात 2017 ला होतं तसं अ, ब, क, ड असं वेगळं काही नाही, महिलांसाठी राखीव जागाही नाहीत. सगळी नावं एकाच कागदावर, आडनावाच्या इंग्रजी अक्षरांप्रमाणे लावलेली, शेजारी पक्षाचं चिन्ह. त्यातल्या कुठल्याही तिघांपुढे फुली मारायची. तिन्ही एका पक्षाची असली पाहिजेत असं नाही, एकच मारली तरी चालते. चौथी मारलीत तर कागद बाद. सुतळीने बांधलेली बोटभर पेन्सिल असते. मी कोणाला मतं दिली ते तुम्हाला सांगत नाही. निवडणुकीहून आल्यावर आई विचारायची तेव्हा तुम्हीही कधी सांगितलं नाहीत.

मला मात्र कागदाची घडी घालताना तुमचा आवाज ऐकू आला. लहानपणी जेवणाच्या टेबलावर तुम्ही वहीचं पान घेऊन दाखवायचात: आधी उभी घडी, मग आडवी. नाहीतर ओल्या शिक्क्याची शाई समोरच्या चिन्हावर उमटते आणि मोजणीला भांडण होतं. पेन्सिलीला ते भय नाही, तरी मी उभी घडीच आधी घातली.

बांसाठी एक बुटकं टेबल होतं, खुर्चीवर बसून मत देता येईल असं, आणि त्यावर भिंग ठेवलेलं. त्यांना मदत करायची तर मला वेगळा फॉर्म भरून सही करावी लागली असती. त्यांनी हातानेच मला लांब उभं केलं. बराच वेळ लागला. भिंग एकेका नावावरून खाली सरकत होतं. मग पेन्सिल मुठीत धरून त्यांनी तीन फुल्या मारल्या, प्रत्येक फुलीच्या दोन रेघा, मध्ये विसावा. मागे दोघं-तिघं ताटकळले होते, पण कोणी चकार शब्द काढला नाही. पेटीत कागद टाकल्यावर बांनी पेटीवर दोनदा हात थोपटला. पन्नास वर्षं होतील त्यांना या देशात, यंदा.

निकाल शुक्रवारी आला. हॅरोच्या 55 जागांपैकी हुजूर पक्षाला 31, मजूर पक्षाला 24. गेल्या वेळी सत्ता मजूर पक्षाकडे होती, ती गेली. बाबा, हे तुम्हाला नक्की आवडेल असं गणित आहे. गेल्याच महिन्यात पंतप्रधानांना लॉकडाऊनमधल्या पार्टीसाठी पोलिसांनी दंड केला, त्यामुळे लंडनभर त्यांच्या, म्हणजे हुजूर पक्षाचं पानिपत झालं. वेस्टमिन्स्टर काउन्सिल 1964 पासून त्यांच्याकडे होतं, ते गेलं. वॉन्ड्सवर्थ गेलं, आमच्या शेजारचं बार्नेट गेलं. आणि हॅरो मात्र त्याच दिवशी उलट्या दिशेने त्यांच्याकडे आलं! इथे लोकांच्या तोंडी पार्टी नव्हती. दुकानांसमोर तासभर फुकट पार्किंग मिळणार का, काउन्सिल टॅक्स इतका का, बागेच्या कचऱ्याच्या तपकिरी डब्याला वेगळे पैसे का, स्टेशनजवळ किती मजली इमारती उठणार, हे होतं. मला त्यातलं सगळं पटलं असं नाही. म्हाताऱ्यांची घरी येऊन होणारी देखभाल आणि मुलांची देखभाल यांवर काउन्सिलचा सगळ्यात जास्त पैसा जातो, आणि त्याबद्दल पत्रकांत फारच थोडं होतं. पण लोकांनी आपल्या दारासमोरचं बघून मत दिलं, दिल्लीतलं, म्हणजे इथल्या दिल्लीतलं, बघून नाही. एवढं मला मनापासून आवडलं. वाईट याचं वाटलं की अशा निवडणुकांना इथे दहातले तीन-चारच लोक येतात.

आता तुमच्याकडे येते. पुणे, मुंबई, ठाणे, नागपूर, सगळ्या महापालिकांची मुदत मार्चमध्ये संपली आणि प्रशासक बसले. "नगरसेवक तरी कुठे उरलेत" हे तुमचं म्हणणं बरोबरच आहे. पण आई, मारुतीच्या देवळासमोरचा दिवा गेला होता तेव्हा तू काय केलंस आठवतंय ना? भाजीची पिशवी घेऊन तशीच नगरसेविकेच्या कार्यालयात गेलीस, तिथल्या मुलाला वहीत लिहायला लावलंस, आणि तिसऱ्या दिवशी शिडीची गाडी आली. तुझ्या भाजीच्या वाटेवर जिचं कार्यालय होतं अशी ती एक बाई होती, आणि पाच वर्षांनी तुझ्या दारात तिला पुन्हा यायचं होतं. प्रशासक कितीही चांगला अधिकारी असला तरी तो तुझ्या दारात मत मागायला यायचा नाही.

आणि बाबा, तुम्ही पालिकेच्या शाळेत चौतीस वर्षं शिकवलंत. दरवर्षी सातवीच्या मुलांना तुम्ही सांगायचात की ज्योतिराव फुले पुण्याच्या नगरपालिकेत सभासद होते, आणि 1880 मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटनच्या स्वागतावर हजार रुपये उधळायच्या ठरावाला त्यांनी एकट्याने विरोध केला. मी ते तुमच्या वर्गात बसून ऐकलंय. तुमचा आवाज तिथे चढायचा. एका मताने काय होतं हे तुम्ही कोणालाही म्हणू दिलं नाहीत. 2017 ला मुंबईत प्रभाग 220 मध्ये दोघांना सारखी मतं पडून चिठ्ठीवर निकाल लागला, तेव्हा तुम्ही मला इथे फोन करून कळवलं होतंत, रात्रीचे अकरा वाजले होते तुमच्याकडे.

बुधवारी, आमच्या मतदानाच्या आदल्या दिवशी, सुप्रीम कोर्टाने राज्य निवडणूक आयोगाला दोन आठवड्यांत निवडणुकांचा कार्यक्रम जाहीर करायला सांगितलंय. तुम्ही पेपरात वाचलं असेलच. मतदान कधी होईल ते होवो, प्रभागांच्या हद्दी बदलल्या की याद्या नव्याने फोडतात हे मी तुमच्याकडूनच शिकलेय. तेव्हा प्रारूप यादी लागली की दोघांची नावं एकाच केंद्रावर आहेत ना ते बघून घ्या. आईचं नाव मागच्या खेपेला "सुमन"चं "सुमण" झालं होतं, तेही तपासा. ओळखपत्रं लोखंडी कपाटात, विम्याच्या फाइलखाली आहेत.

गुडघ्यांचं म्हणाल तर तुम्ही केंद्राध्यक्ष असताना काठी टेकत आलेल्या माणसाला रांगेतून पुढे घ्यायचात, आणि कुरकुर करणाऱ्या तरुणाला दारातच गप्प करायचात. आईने मला कितीदा सांगितलंय. आता तुम्ही पुढे गेलात तर कोणी बोलायचं नाही. मी रिक्षा सांगून ठेवीन, कोपऱ्यावरच्या दादाचा नंबर माझ्याकडे आहे. गॅलरीतलं घडीचं स्टूल बरोबर न्या. आणि दुपारी बारा ते चार नका जाऊ, सकाळी चहा घेऊन लगेच निघा.

इथे दुकानांबाहेर हापूसच्या पेट्या आल्यात. एक डझन आणले, त्यातले चार बांना दिले. आईने पाठवलेला गोडा मसाला संपत आलाय.

शाई लागली की दोघांच्या बोटांचा फोटो मात्र पाठवा. एकाच फ्रेममध्ये.

तुमची,
मनू