कारखान्यात काय साठवले आहे, ते शेजाऱ्यांना कळू द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीतले धोकादायक कारखाने दुसरीकडे हलवायचे की नाही, हा वाद प्रत्येक मोठ्या दुर्घटनेनंतर पेटतो आणि पावसाळा सरला की मागे पडतो. २६ मे २०१६ रोजी प्रोबेस कंपनीत स्फोट झाला, बारा माणसे गेली, दोनशेहून अधिक जखमी झाली, तेव्हा हा वाद झाला. २३ मे २०२४ रोजी अमुदान कंपनीत स्फोट झाला, तेव्हा पुन्हा झाला. दोन्ही वेळा पुढारी आले, पाहणी झाली, घोषणा झाल्या. स्थलांतर मागणारे आणि स्थलांतराला घाबरणारे, दोघेही माझे शेजारी आहेत. एकाला आपल्या मुलांच्या जिवाची काळजी आहे, दुसऱ्याला आपल्या पगाराची. दोघांपैकी कुणालाही चूक म्हणण्याची माझी तयारी नाही.

पण या वादात एक गोष्ट दरवेळी बाजूला पडते. ती करायला जमीन लागत नाही, हजारो कोटी लागत नाहीत आणि मंत्रिमंडळाचा निर्णयही लागत नाही. कारखान्याच्या भिंतीपलीकडे काय साठवले आहे, त्यातून काय होऊ शकते आणि तसे झालेच तर आम्ही काय करायचे, हे कारखान्याने शेजाऱ्यांना सांगायचे. एवढीच ती गोष्ट आहे आणि तिच्यासाठीच हे पत्र लिहीत आहे.

मी इथल्या एका शाळेत विज्ञान शिकवत असे. वर्गात वास शिरला की मुले विचारायची, "बाई, हा कसला वास?" मला उत्तर देता यायचे नाही. ज्यांचे वडील त्याच कारखान्यांत कामाला होते, अशा मुलांना मी घरी विचारून यायला सांगितले. बहुतेकांनी आणलेले उत्तर एकच होते: बाबांना ड्रमवरचा नंबर माहीत आहे, आत काय असते ते माहीत नाही. ज्या माणसाचे हात रोज त्या ड्रमला लागतात त्यालाच जिथे सांगितले जात नाही, तिथे सोनारपाड्यातल्या किंवा निवासी विभागातल्या गृहिणीला कोण सांगणार?

नाव कळून काय होणार, असे काही जण म्हणतात. पुष्कळ होते. क्लोरीन हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीलगत पसरतो, सखल जागी साचतो. अशा वेळी तळमजल्यावरच्या माणसाने वर जाणे शहाणपणाचे. अमोनिया वायू हलका असल्याने वर जातो, पण दमट हवेत त्याचाही ढग खाली रेंगाळू शकतो. काही आगी पाण्याने विझतात, तर काही रसायनांवर पाणी पडले की आग भडकते. वायुगळतीत वाऱ्याच्या दिशेने पळाल्यास ढग आपल्या मागोमाग येतो. वाऱ्याला आडवे निघावे लागते. स्फोटात बहुसंख्य शेजारी जखमी होतात ते उडालेल्या काचांनी, कारण पहिला आवाज झाला की माणूस काय झाले ते पाहायला खिडकीशी जातो. खिडकीपासून दूर व्हा, एवढे एक वाक्य जरी लोकांच्या मनावर बिंबवले असते, तरी कितीतरी चेहरे आणि डोळे वाचले असते.

भोपाळमध्ये २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री हजारो माणसे घराबाहेर पळत सुटली. नाकातोंडावर ओले फडके धरा, हे त्यांना कुणी सांगितले नव्हते. कारखान्यात एमआयसी, म्हणजे मिथाइल आयसोसायनेट नावाचे विषारी रसायन आहे, हेच वस्तीतल्या बहुतेकांना ठाऊक नव्हते. लोक घाबरतील म्हणून वस्तीला ऐकू जाणारा भोंगा सुरू होताच बंद केला गेला. राजकुमार केसवानी हे तिथले पत्रकार १९८२ पासून आपल्या छोट्या वृत्तपत्रातून या कारखान्याच्या धोक्याबद्दल लिहीत होते. त्यांचे कुणी ऐकले नाही.

भोपाळनंतर कायदे झाले, आणि ते चांगले झाले. १९८७ मध्ये कारखाने अधिनियमात कलम ४१-ब घालण्यात आले. धोकादायक प्रक्रिया चालवणाऱ्या कारखानदाराने धोक्याची माहिती कामगारांना, कारखाना निरीक्षकांना, स्थानिक प्राधिकरणाला आणि आसपासच्या जनतेलाही द्यावी, असे त्यात लिहिले गेले. घातक रसायनांबाबतच्या १९८९ च्या नियमांत आणखी स्पष्टता आहे. मोठ्या अपघाताची झळ ज्यांना पोहोचू शकते, त्या कारखान्याबाहेरच्या माणसांना धोका कशाचा, खबरदारी कोणती, काय करायचे आणि काय टाळायचे, हे आधीच कळवणे त्यात बंधनकारक आहे. २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कारखान्याच्या गेटबाहेर घातक रसायनांची आणि कचऱ्याची माहिती देणारे फलक लावायला सांगितले. आपल्या वाचकांनी एकदा वसाहतीतून चक्कर मारून हे फलक पाहावेत. काही ठिकाणी आकडे नेमाने बदललेले दिसतील, त्या कारखान्यांचे मी मनापासून आभार मानते. पण बरेच फलक उन्हाने पुसट झालेले, आकड्यांच्या रकान्यात काहीच नसलेले आणि ज्यांना वाचायची गरज आहे त्यांच्या भाषेत नसलेले आहेत.

या माहितीची सगळ्यात जास्त गरज आज कुणाला आहे, हेही पाहिले पाहिजे. साठच्या दशकात ही वसाहत उभी राहिली. पुढची बरीच वर्षे कारखान्यातला कायम कामगार इथेच चाळीत, सोसायटीत राहायचा, युनियनच्या बैठकीला जायचा. कोणत्या प्लांटमध्ये काय चालते, हे गल्लीत कुणाला तरी माहीत असायचे. आता पुष्कळसे काम ठेकेदारामार्फत चालते. उत्तर प्रदेश, बिहारमधून आलेले तरुण सोनारपाडा, गोळवली, दावडी, आजदे, सागाव इथल्या खोल्यांत दाटीवाटीने राहतात. कारखान्याच्या सर्वांत जवळ ते झोपतात आणि माहिती सर्वांत कमी त्यांना असते. म्हणून सूचना मराठीबरोबर हिंदीतही हव्यात. भोंग्याचा अर्थ तर प्रत्येकाला कळला पाहिजे: कोणता आवाज पाळी बदलण्याचा, कोणता धोक्याचा आणि कोणता धोका टळल्याचा.

कारखानदारांची एक बाजू आहे आणि ती खरी आहे. कारखाने आधी आले, घरे नंतर. मधे मोकळी राहायला हवी होती ती जागा बांधकामांनी खाल्ली, आणि परवानग्या देणारे कारखानदार नव्हते. हे सगळे मान्य करूनही, शेजारी जितका जवळ आला तितकी त्याला सावध करण्याची गरज वाढते, कमी होत नाही.

माहिती दिली तर घबराट पसरेल, हा दुसरा आक्षेप मला पटत नाही. घबराट आज पसरलेलीच आहे. २०१४ मध्ये इथे हिरवा पाऊस पडला, २०२० मध्ये रस्ता गुलाबी झाला. आजही रात्री वास सुटला की अर्ध्या तासात सगळ्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर वाटेल ते फिरू लागते. खरे सांगणारा एक फोन नंबर असता, त्यावर रात्री दोनलाही कुणी उत्तर दिले असते, तर या अफवा तिथल्या तिथे थांबल्या असत्या.

कारखान्यांनी परिसरासाठी काहीच केले नाही, असे मी म्हणणार नाही. शाळांना संगणक मिळाले, रक्तदान शिबिरे झाली, झाडे लागली. त्यांच्या फोटोंना आपल्या पानावर जागा मिळते आणि ती मिळावी. पण नफ्यातले दोन टक्के समाजासाठी खर्च करायला सांगणारा सामाजिक दायित्वाचा कायदा नक्त मूल्य पाचशे कोटी, उलाढाल हजार कोटी किंवा नफा पाच कोटी, यांपैकी एखादी मर्यादा गाठणाऱ्या कंपन्यांनाच लागू होतो. आमच्या वसाहतीतले कितीतरी रासायनिक कारखाने लहान आहेत, ते त्यात बसत नाहीत. देणगी देण्याची ऐपत नसलेला कारखानदारही आपल्या पाठीमागच्या चाळीत जाऊन अर्धा तास बोलू शकतो. आमची मागणी देणगीची नाही. वर्षातून एकदा आसपासच्या लोकांना आत बोलवा, प्लांट दाखवा, आमच्या प्रश्नांना उत्तरे द्या. 'कामा' ही इथल्या कारखानदारांची संघटना आहे. तिने पुढाकार घेतला, तर लहान कारखान्यांनाही हे जमेल.

आता आपल्याकडे, म्हणजे संपादकांकडे, येते. रासायनिक अपघातांबाबत १९९६ चे केंद्राचे नियम आहेत. मोठ्या अपघाताचा धोका असलेले कारखाने ज्या औद्योगिक पट्ट्यात आहेत, तिथे त्या नियमांनुसार लोकल क्रायसिस ग्रुप, म्हणजे स्थानिक संकट गट असतो. उपविभागीय दंडाधिकारी, म्हणजे प्रांत, त्याचे अध्यक्ष आणि कारखाना निरीक्षक सदस्य-सचिव असतात. कारखाने, अग्निशमन दल, पोलीस, रसायनांची वाहतूक करणारे, दोन डॉक्टर, दोन सामाजिक कार्यकर्ते, सरपंच किंवा लोकांचा एक प्रतिनिधी यांना त्यात स्थान आहे. आणि त्याच यादीत स्थानिक वृत्तपत्राचे संपादक आहेत. या गटाने दरमहा बैठक घ्यायची, सहा महिन्यांतून किमान एकदा पूर्ण प्रमाणावर सराव करायचा, धोक्याच्या क्षेत्रातल्या लोकांना माहिती द्यायची आणि या विषयावर जनतेने विचारलेल्या प्रश्नांना उत्तरे द्यायची, असे नियमांत लिहिलेले आहे.

कारखाने उद्या रायगडमधल्या पाताळगंगा औद्योगिक वसाहतीत गेले किंवा आणखी कुठे गेले, तरी तिथेही गावे आहेत, शाळा आहेत. ही सवय इथे लागली नाही, तर तिथेही लागणार नाही. म्हणून स्थलांतराची वाट पाहत हा विषय लांबवू नये.

आपल्याला माझ्या तीन विनंत्या आहेत. डोंबिवलीच्या या गटात वृत्तपत्राच्या जागेवर कोण बसते, ते छापावे. ती जागा रिकामी असेल तर आपण स्वतः ती मागावी. गटाची मागची बैठक आणि मागचा सराव केव्हा झाला, हे प्रांत कार्यालयाकडून मिळवून प्रसिद्ध करावे. आणि पुढच्या बैठकीची तारीख ठरली की ती आधीच छापावी. आमच्या सोसायटीतल्या आणि पलीकडच्या चाळीतल्या आम्ही काही जणींनी आमचे प्रश्न मराठी आणि हिंदीत लिहून ठेवले आहेत. ते आम्ही त्या दिवशी प्रांत कार्यालयात नेऊन देऊ.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
निवासी विभाग, डोंबिवली (पूर्व)