दौडीचा निधी आणि परळचा मुक्काम

महोदय,

कर्करोग संशोधनाच्या मदतीसाठी मालवणच्या किनाऱ्यावर झालेल्या दौडीचे वृत्त वाचले. उपक्रम स्तुत्यच आहे. मात्र सगळी रक्कम संशोधनाला देण्याऐवजी निम्मा वाटा इथल्या रुग्णांच्या मुंबईतील मुक्कामासाठी राखून ठेवावा, असे आयोजकांना सुचवावेसे वाटते.

किरणोपचार बहुधा आठवड्यातून पाच दिवस, असे पाच ते सात आठवडे चालतात. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून उपचारांचा बराचसा खर्च भागतो; पण परळला टाटा कर्करोग रुग्णालयाजवळ रुग्णासोबत राहिलेल्या माणसाचे राहणे-खाणे आणि बुडालेली मजुरी कोण भरून देणार? तपासण्यांची फाइल आणि घरच्या तांदळाची पिशवी सांभाळत तुतारी एक्स्प्रेसच्या जनरल डब्यात बसलेली अशी कुटुंबे कुडाळ, कणकवलीला नेहमी दिसतात. मुंबईत नातेवाईक असले तरी चाळीतल्या एका खोलीत दीड महिना पाहुणा ठेवणे त्यांनाही जड जाते. (चाकरमान्यांना दोष देण्यात अर्थ नाही.) मग माणूस उपचार अर्धवट टाकून गावी परततो. किरणोपचारात खंड पडला की आजार आटोक्यात येण्याची शक्यता घटते, हे डॉक्टर बजावून सांगतातच.

जाता जाता एक. टी-शर्ट, पदके आणि मांडवावर किती खर्च झाला, तेही आयोजकांनी जाहीर करावे. आमच्या गावात जत्रेच्या वर्गणीचा हिशेबसुद्धा देवळातल्या फळ्यावर लागतो.

– एक वाचक, ता. मालवण, जि. सिंधुदुर्ग