फ्राउएनकिर्खेच्या अनाम हातांचे आभार

जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहराचं फ्राउएनकिर्खे चर्च आज उभं आहे, ते ज्यांची नावं कुणी विचारत नाही अशा माणसांमुळे.

पहिले आभार ढिगारा उपसणाऱ्यांचे. दुसऱ्या महायुद्धातला ब्रिटिश-अमेरिकी बॉम्बहल्ला १३ फेब्रुवारी १९४५च्या रात्री सुरू झाला, पण घुमट कोसळला १५ तारखेला सकाळी. आगीत आतले आठ वालुकाश्माचे खांब इतके तापले की सुमारे १२,००० टनांचा घुमट त्यांना पेलवेना. तो ढीग चाळीसहून जास्त वर्षं तसाच पडून होता. मग चर्च पुन्हा बांधायचं ठरलं. एकेक दगड उचलायचा, मोजायचा, क्रमांक घालायचा, मांडणीवर ठेवायचा. रटाळ काम, पण त्यावाचून जुना दगड मूळ जागी बसलाच नसता.

मग पाथरवट. भिंतीतले काळे दगड जुने, फिकट ते नवे. हा काळेपणा सगळा आगीचा नव्हे बरं का. या दगडातलं लोह उन्हापावसात काळवंडतं. नवेही हळूहळू तसेच होतील.

दारावरच्या मदतनिसांचेही आभार. घुमटाचं दार वेगळं, तिकीट वेगळं, लिफ्ट जेमतेम एका टप्प्यापर्यंत. पुढे घुमटाच्या आतल्या-बाहेरच्या दोन कवचांमधून गोल फिरत जाणारा चढ आणि अरुंद जिने, थेट ६७ मीटरवरच्या सज्जापर्यंत. गुडघे कुरकुरणाऱ्यांना हे खालीच सांगणारा माणूस देवासारखा.

शिखरावरचा क्रूस लंडनमध्ये घडला. घडवणाऱ्याचे वडील याच हल्ल्यातल्या एका बॉम्बफेकी विमानाचे वैमानिक होते. ढिगाऱ्यात सापडलेला जुना, वाकडातिकडा क्रूस आत ठेवलाय. त्याच्यापुढच्या मेणबत्त्यांचं सांडलेलं मेण खरवडणाऱ्यांचेही आभार.