पानभर एकच अक्षर गिरवू नकोस

प्रिय मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या जपानी-चिनी अक्षरांच्या वहीचं पान पाहिलं. वळण सुरेख आहे, पण पानभर एकच अक्षर आहे आणि त्या कष्टाचा उपयोग फार थोडा. तिसऱ्या-चौथ्या वेळेनंतर हात आपोआप चालतो, डोकं थांबतं, वरचं बघून खालचं उतरत जातं. त्यापेक्षा नमुना बघून तीनदा लिही, पान उलट आणि न बघता एकदा लिही. अडलीस तर नेमकी कुठे अडलीस ते बघ, तेवढाच भाग दुरुस्त कर. मग दहा मिनिटांनी, उद्या, चार दिवसांनी, दहा दिवसांनी, दर वेळी कोऱ्या कागदावर. आठवायला जी खटपट होते तिच्यातून अक्षर पक्कं होतं. ते समोर असेपर्यंत येतंयसं वाटतं, म्हणून फसायला होतं.

दुसरं, जपानी आणि चिनी एकदम नको. 'अक्षरं तीच तर आहेत' हे तुझं म्हणणं अर्धंच खरं. जपानने १९४६ नंतर आपली अक्षरं थोडी सोपी केली, चीनने १९५६ पासून बरीच जास्त केली, तैवान आणि हाँगकाँगमध्ये जुनीच चालू आहेत. 'रुंद, विस्तीर्ण' हे अक्षर बघ (廣, 広, 广): जुन्या रूपात छपराखाली 'पिवळा' हे भरगच्च अक्षर बसलेलं आहे, जपानीत तिथे दोन स्ट्रोकचा, म्हणजे लेखणीच्या दोन फटकाऱ्यांचा, लहानसा तुकडा राहिला, चीनमध्ये नुसतं छप्पर. सुरुवातीलाच अशी तीन रूपं घोळात घेतलीस तर एकही धड बसणार नाही. एका भाषेची हजारेक अक्षरं हातात आल्यावर दुसरी घे, तेव्हा हाच फरक मदतीला येतो.

मजल किती, तेही बघून ठेव. जपानच्या नित्य वापराच्या यादीत २,१३६ कांजी (चिनीतून घेतलेली अक्षरं) आहेत, त्यांतल्या १,०२६ प्राथमिक शाळेच्या सहा वर्षांत शिकवतात. चीनच्या २०१३ च्या यादीत ८,१०५ अक्षरं आहेत, पण पहिल्या पायरीची ३,५०० आली की रोजचं वाचन निभावतं. दिवसाला सहा नवी धरलीस तर जपानी यादी हिशेबाने वर्षात संपते. प्रत्यक्षात दोन वर्षं धर, कारण मधे उजळणी वेळ खाते.

अक्षर म्हणजे चित्र नव्हे, तुकड्यांची जुळणी. रॅडिकल, म्हणजे शब्दकोशात अक्षरं ज्यांच्याखाली लावतात ते तुकडे, २१४ आहेत आणि ती यादी पाठ करायची आवश्यकता नाही. १७१६ च्या चिनी कांग्शी शब्दकोशाने तीच घेतली आणि ती शब्द शोधण्यासाठी आहे, शिकण्यासाठी नाही. नेहमी लागणारे साठेक घटक आधी घे: पाणी, माणूस, हात, झाड, बोलणं, हृदय, गवत, धागा, धातू, माती, तोंड, सूर्य. ते जागेप्रमाणे रूप बदलतात, एवढं लक्षात ठेव. पाणी डावीकडे आलं की तीन थेंब होतात. विस्तव खाली गेला की चार ठिपके. हृदय डावीकडे तीन स्ट्रोकचं उभं, खाली चार स्ट्रोकचं आडवं. हे न कळल्यामुळे एकच घटक लोक दोनदा शिकतात.

आता एक जुळणी नीट बघ, कारण बहुतेक अक्षरं अशीच बनली आहेत. जपानीत बौद्ध देवळाचं अक्षर आहे (寺), उच्चार 'जी'. त्याच्या डावीकडे सूर्य लावला की 'वेळ', उच्चार 'जी'. हात लावला की 'धरणं, जवळ असणं', चिनीवरून आलेला उच्चार पुन्हा 'जी'. माणूस लावला की सामुराई, त्याचाही 'जी'. बोलणं लावलं की कविता, उच्चार 'शी'. म्हणजे डावा तुकडा अर्थाची दिशा दाखवतो, उजवा उच्चाराची. पण चालण्याचं अंग लावून 'वाट पाहणं' केलं की उच्चार होतो 'ताइ', आणि बैल लावून 'विशेष' केलं की 'तोकु'. ही जुळणी झाली त्याला दोन हजारांवर वर्षं झाली, मधल्या काळात उच्चार फाटत गेले. त्यामुळे उजव्या तुकड्यावरून अंदाज बांध, खात्री शब्दकोशात कर. आजच्या चीनमध्ये तर 'वेळ' सोपं करताना देवळाचा वरचा अर्धा भागच काढून टाकला, तिथे तो इशारा उरलेला नाही.

हा गट मात्र एकाच दिवशी शिकू नकोस. डावा तुकडा सोडला तर सगळी सारखी, म्हणून एकत्र घेतली की एकमेकांत मिसळतात आणि मग सुटत नाहीत. दोन-दोन आठवड्यांच्या अंतराने एकेक येऊ दे. दोनांत गोंधळ व्हायला लागला की तेव्हा ती शेजारी लिहून फरकाला लाल खूण कर. झाडाच्या वर आणखी एक आडवी रेघ येते, ती आखूड असेल तर 'अजून नाही' आणि लांब असेल तर 'शेवट'. दोन आडव्या रेघांतली खालची लांब तर माती, वरची लांब तर योद्धा. अशा जागी रेघेची लांबी हे सौंदर्य नाही, शुद्धलेखन आहे.

उच्चार सुटे पाठ करू नकोस. जपानीत 'जगणं, जन्म, कच्चं' यासाठी एकच अक्षर आहे आणि त्याचे उच्चार से, शो, नामा, की असे कितीतरी. क्रियापदात ते इकिरु होतं नि उमारेरु होतं. यादी घोकलीस तर वाचताना कुठला लावायचा ते कळणार नाही. 'सेन्से' म्हणजे शिक्षक, 'इश्शो' म्हणजे आयुष्यभर, 'इकिरु' म्हणजे जगणं, असे शब्द घे, उच्चार त्यांच्याबरोबर येतील. क्रियापदात कांजीनंतर कोणता हिरागाना (जपानीचं उच्चार दाखवणारं अक्षर) येतो यावरून उच्चार ठरतो, म्हणून उजळणीच्या कार्डावर त्या शेपटीसकट शब्द लिही.

चिनीत एका अक्षराचा बहुधा एकच उच्चार असतो, तिथे अडचण सुरांची, म्हणजे आवाजाच्या चढ-उताराची. 'माइ' तिसऱ्या सुरात विकत घेणं, चौथ्या सुरात विकणं. लिहिताना 'विकणं' म्हणजे 'विकत घेणं'च्या डोक्यावर अधिकचं चिन्ह. सूर न लिहिलेलं कार्ड बाद समज. आणि पिनयिनमधला (चिनी उच्चार रोमन अक्षरांत लिहिण्याच्या पद्धतीतला) बी म्हणजे आपला ब नव्हे, तो पच्या जवळचा. त्यांचा पी म्हणजे पुष्कळ श्वास सोडलेला प. झेड उच्चारायला चमच्यातला च चालतो. ही सोय मराठी माणसाला फुकट मिळालेली आहे, ती वापर.

स्ट्रोकचा क्रम पहिल्या दिवसापासून पाळ. वरून खाली, डावीकडून उजवीकडे, आडवी उभीच्या आधी, चौकट असेल तर आतलं भरून तळ शेवटी. क्रम चुकला की घाईच्या लिखाणात आकार बिघडतो आणि स्ट्रोक मोजून शब्दकोशात शोधता येत नाही. अपवादही देशागणिक आहेत: 'शेत' लिहिताना चौकटीतली उभी रेघ जपानी आधी काढतात, चिनी आडवी आधी. म्हणून चिनी व्हिडिओ बघून जपानी लिहू नकोस.

मोबाइलवरही हाच घोळ होतो. संगणकाच्या दृष्टीने दोन्ही देशांचं 'समुद्र' एकच, पण जपानी फाँटमध्ये आत एक सलग उभी रेघ दिसते आणि चिनी फाँटमध्ये दोन ठिपके. फोनच्या भाषांच्या यादीत जी शिकतेस ती दुसरीच्या वर ठेव, नाहीतर चुकीचं रूप गिरवत बसशील.

उजळणीला अँकी हे कार्डांचं अॅप वापर, पण त्याचे आकडे बदल. ते मुळात रोज २० नवी कार्डं देतं. महिन्याभरात उजळणी नव्याच्या सात ते दहा पट होते, म्हणजे रोज दीडशे-दोनशे कार्डं, आणि तिथेच बहुतेक जण सोडून देतात. तू ८ ठेव. चार दिवस खंड पडला तर नवी शून्यावर आण आणि ढीग संपेपर्यंत वाढवू नकोस. आठवलं नाही तर 'अगेन'च दाब. 'हार्ड' म्हणजे कष्टाने का होईना आठवलं, विसरलं नव्हे. विसरलेल्यावर हार्ड दाबत राहिलं की ते कार्ड आणखी लांब ढकललं जातं आणि ते कधीच पक्कं होत नाही. आठदा विसरलेल्या कार्डावर अँकी स्वतःच खूण करतं. ते तसंच घोकत राहू नकोस. शब्द बदल, वाक्य जोड, किंवा ज्याच्याशी गोंधळ होतो ते अक्षर कार्डावर मांड. तयार डेक (कार्डांचे संच) सुरुवातीला ठीक आहेत, नंतर वाचताना अडलेल्या शब्दांची कार्डं स्वतः कर. अर्थ मराठीत लिही.

हाताने किती लिहायचं? जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेत लेखन नाही, सगळं पर्यायी उत्तरांचं, आणि रोजच्या जगात टायपिंगच आहे. तरी पहिली तीनशे अक्षरं हातानेच लिही, जुळणी डोळ्यात भरते ती तिथेच. चौकटी दोन सेंटिमीटरच्या घे, आत उभी-आडवी मधली रेघ आख, म्हणजे तुकडे प्रमाणात बसतात. पुढे ओळखण्यावर भर दिलास तरी चालेल. मग लिहिण्याची कार्डं वेगळी ठेव, नाहीतर एकाची कमजोरी दुसऱ्यात लपते.

जपानी की चिनी ते कळव, त्याप्रमाणे पहिल्या साठ घटकांची यादी करून पाठवते.

तुझी,
आई