अंगठा घेण्याआधी

कोल्हापूर जिल्ह्यात आरोग्यविषयक संशोधनाची माहिती गावातल्याच महिला गोळा करणार, ही बातमी वाचली. निर्णय योग्यच, पण त्यांचे प्रशिक्षण प्रश्नावली भरण्यापुरते नको. ओळखीची बाई दारात आली की 'नाही' म्हणणे जड जाते. म्हणून नकाराची मुभा आधी सांगावी लागते, तीही सासूबाई शेजारी बसलेल्या नसताना. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार निरक्षर व्यक्तीच्या संमतीपत्रावरील अंगठ्यासोबत त्रयस्थ, साक्षर साक्षीदाराची सही लागते. सोबतची कार्यकर्ती तिथे चालत नाही. नावांची यादी आणि नावाऐवजी सांकेतिक क्रमांक घातलेल्या प्रश्नावल्या एकाच पिशवीत ठेवल्या, तर गुप्तता तिथेच संपते. हे सारे प्रत्यक्ष सरावातूनच अंगवळणी पडते. त्यासाठी किमान दोन दिवस द्यावेत, आणि त्या दिवसांचे मानधनही.

– एक वाचक, कोल्हापूर