बाई, ते पुस्तक अजून माझ्याकडंच आहे

बाई, नमस्कार.

समोर बसून सांगायला गेले की बोलणं सोयाबीनच्या भावावर नाहीतर पोरांच्या शाळेवर जातं, म्हणून लिहायलेय. आणि सगळ्यांसमोर लिहायलेय कारण आपल्या अंबाजोगाईकडं माझ्यासारख्या लई जणी आहेत, त्यातल्या एखादीला तरी तुमच्यासारखी शेजारीण भेटावी.

रास घरात यायच्या आधीच हे गेले. रात्री शेतातून येताना रस्त्यात ट्रॉली उभी, मागं लाल दिवा नाही, बस्स. त्याच्यावर जास्त लिहीत नाही. पुढचं मात्र डोक्यातून जातच नाही, बांगड्या फोडल्या, जोडवे काढले, कपाळ पुसलं, आणि हे सगळं बायांनीच केलं, तेही रडत रडत. कोल्हापूरकडच्या हेरवाडनं २०२२ ला ग्रामपंचायतीत ठराव करून हे बंद केलं म्हणतात, आमच्या गल्लीत त्याची नुस्ती बातमी आली. मग जो येईल तो एकच म्हणायचा, लेकराकडं बघ, आता तूच माय अन् तूच बाप, रडू नको. महिनाभर मी रडलेच नाही बाई. लेकरांकडं बघत बसले. मोठा नऊचा, धाकटी पाचची, तीही माझ्याकडं बघत बसायची.

तुम्ही आलात तेव्हा काहीच बोलला नाहीत. सूप ओढून घेतलं, तूर निवडायला बसलात, दोन तास. जाताना वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं पुस्तक फळीवर ठेवलंत, म्हणालात, "वाचू वाटलं नाही तर नुसतं असू दे." खरं सांगते, मला रागच आला होता. घरात माणूस गेलंय अन् ह्यांना कविता सुचायल्यात असं वाटलं. रिटायर झाल्या तरी मास्तरकी काही सुटत नाही, असंही मनात आलं, माफ करा.

तीन महिन्यांनी लाईट गेलेली, पोरं झोपलेली, मोबाईलच्या उजेडात उघडलं तर इंदिरा संत. निम्मं कळलं नाही. पण कुणीतरी गेलंय आणि ते झाडात, पावसात, दारात सगळीकडं दिसायलंय एवढं बरोबर कळलं. दुसऱ्या दिवशी तुमच्याकडं धावत आले तेव्हा तुम्ही त्यांचं सांगितलंत, १९४६ ला नवरा गेला, वय बत्तीस, पदरात तीन लेकरं, बेळगावला नोकरी करून वाढवली. मी एकतीसची. मी विचारलं, मग कवितेत लेकरांसाठी खंबीर झाले वगैरे का नाही लिहिलं? तुम्ही म्हणालात, "ते तिनं रोज केलंच की गं, लिहायला कशाला पाहिजे. कवितेत ती त्याची बायको राहिली." त्या दिवशी मी तुमच्या ओट्यावर जी रडले, शेजारची सगळी पोरं गोळा झाली, आठवतं का? मला तोवर कुणी सांगितलंच नव्हतं की आई होऊनबी बायको म्हणून रडता येतं.

मग बहिणाबाई दिल्यात. शाळेत धडा होता म्हणून पाठ केलेल्या बहिणाबाई वेगळ्या आणि ह्या वेगळ्या. तिशीच्या आसपास विधवा झालेली बाई, लिहितावाचता येत नाही, आणि आयाबायांनाच सांगती माझी कीव करू नका. कुंकवाखाली लपलेली कर्माची रेघ कुंकू पुसल्यावर उघडी पडली म्हणती. बांगड्या फुटल्या तरी मनगटातलं करतूत आहेच म्हणती. आणि देवाकडं मागणं काय, तर दोन लाल सुखी राहू दे. माझी रिकामी मनगटं मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट बघितली, ह्याच हातानं आता शिलाई मशीन चालवते, ब्लाऊजचं माप घेते, दोन एकराचा हिशोब ठेवते.

त्यांची गाणी लेकानं, सोपानदेवांनी उतरवून घेतली आणि त्या गेल्यावर १९५२ ला पुस्तक निघालं, हे तुम्ही माझ्या पोरासमोर बोललात अन् तिथंच घोटाळा झाला. भाकरी थापताना मी आजीसारखं काहीबाही गुणगुणते, हात पिठात, तर हा पठ्ठ्या गणिताच्या वहीत मागच्या पानावर लिहून घ्यायला लागला. तुम्ही वही तपासताना जी ओवी सापडली ती हीच:

सांजंला थापते गं, चार भाकरी मोजून
एक उरते टोपल्यात, कशी ठेवू मी झाकून

तुम्ही त्यात एक अक्षर सुधारलं नाहीत. नुसतं खाली लाल पेनानं "पुढची?" एवढंच लिहिलंत. बाई, त्या एका शब्दासाठी तुमचे आभार मानायचेत, बाकीचं ह्याच्या भोवतीचं आहे. आता बावीस झाल्यात. काही भंगार आहेत, धाकटी तोंडावर सांगती.

पुस्तकाचं कव्हर गेलं, मधल्या पानावर हळदीचा डाग पडलाय, परत द्यायची लाज वाटायलीय. तेवढं ठेवून घेऊ का? संक्रांतीला मी तुमच्या घरी येणारच आहे, तुम्ही मागच्या वर्षी मला वाण दिलंत तेव्हा दोन बाया उठून गेल्या होत्या, यंदाबी गेल्या तर जाऊ द्या, तिळगुळ आपल्याला जास्त उरंल.

तुमची,
गल्लीतली टेलरीण